आधी कोणाला? – शल्यविशारद निकोलाय पिरोगोव्ह यांचे जीवन



दरवर्षी १२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणाऱ्या या थोर बाईंची ओळख आपल्याला लहानपणापासून असते. पण त्याच क्रिमियाच्या युद्धात, समोरच्या बाजूला, रशियाच्या जखमी सैनिकांसाठीही परिचारिकांची एक तुकडी अहोरात्र खपत होती. त्या तुकडीचे मार्गदर्शक होते शल्यविशारद निकोलाय इवानोविच पिरोगोव्ह. रशियात त्यांचे नाव घरोघरी माहीत आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कानावर येत नाही. म्हणून या अंकात आम्ही त्यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

आजच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टी विभागात गेलो, की एक परिचारिका पुढे येऊन रुग्णाकडे नीट पाहते, नाडी बघते, दोन-चार प्रश्न विचारते आणि त्याला आधी आत घ्यायचे की थोडे थांबवायचे हे ठरवते. या पद्धतीला ट्रायेज म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ निवडणे. आपल्या घरी धान्य निवडतात, तसाच हा शब्द. फरक इतकाच, की येथे टाकून कोणालाच द्यायचे नसते, ठरवायचा असतो तो फक्त क्रम. हा क्रम कशावरून ठरवावा, आणि ज्याला थांबवले त्याचे काय करावे, या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यात पिरोगोव्ह यांच्या आयुष्याचा मोठा भाग गेला.

निकोलायचा जन्म २५ नोव्हेंबर १८१० रोजी मॉस्को येथे झाला. वडील सैन्याच्या कोठारखात्यात खजिन्याचे काम पाहत. घर मोठे, भावंडे पुष्कळ. त्यांतली बरीच लहानपणीच दगावली. मोठ्या भावाला संधिवाताने घेरले तेव्हा मॉस्कोचे नामांकित डॉक्टर येफ्रेम मूखिन घरी येऊ लागले. त्यांच्या औषधाने भावाला आराम पडला. लहानग्या निकोलायच्या मनावर याचा असा ठसा उमटला, की त्याने घरात डॉक्टर-डॉक्टरचा खेळच सुरू केला. घरातल्या माणसांची नाडी बघायची, जीभ बघायची आणि औषध लिहून द्यायचे!

पण हे सुखाचे दिवस टिकले नाहीत. वडिलांच्या खात्यातला एक माणूस सरकारी रक्कम घेऊन पळाला आणि भरपाईची जबाबदारी वडिलांवर आली. घरदार गेले. निकोलायची खासगी शाळा सुटली. अशा वेळी डॉ. मूखिन पुन्हा धावून आले. मुलाची हुशारी त्यांनी ओळखली होती. विद्यापीठात प्रवेशासाठी वय सोळा लागत असे. निकोलाय होता चौदा वर्षांचा. कागदावर दोन वर्षे वाढवून त्याला मॉस्को विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत दाखल करण्यात आले. थोड्याच दिवसांत वडिलांचे निधन झाले. आई-बहिणींनी काबाडकष्ट करून त्याचे शिक्षण पुरे केले.

त्या काळचे वैद्यकीय शिक्षण बहुतेक तोंडी असे. १८२८ साली पदवी हाती आली तेव्हा या तरुण डॉक्टरने एकही शस्त्रक्रिया स्वतः केलेली नव्हती. आपल्याला काय येत नाही हे त्याला नेमके ठाऊक होते, आणि हीच त्याच्या मोठेपणाची पहिली पायरी होय. पुढील शिक्षणासाठी तो दोर्पात येथे गेला. आज हे गाव एस्टोनियात असून त्याला तार्तू म्हणतात. तेथे दिवसचे दिवस शवविच्छेदनाच्या खोलीत घालवून त्याने शरीररचना हाताखालून घातली. १८३२ मध्ये डॉक्टरेट मिळवून तो जर्मनीत गेला आणि दोन वर्षांनी परत निघाला.

मॉस्कोत प्राध्यापकपद त्यांची वाट पाहत होते. पण वाटेत रिगा येथे ते गंभीर आजारी पडले आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. निराश होऊन ते दोर्पातलाच राहिले आणि १८३६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तेथे प्राध्यापक झाले.

येथे त्यांनी एक विलक्षण काम केले. आपल्या शस्त्रक्रियागृहातील वर्षाचा वृत्तांत त्यांनी छापून प्रसिद्ध केला आणि त्यात आपल्या हातून झालेल्या चुका एकामागून एक लिहिल्या. कोठे निदान चुकले, कोठे घाई झाली, कोणता रुग्ण त्यामुळे दगावला, हे काहीही लपवले नाही. डॉक्टरची चूक जमिनीत पुरली जाते असे मानण्याचा तो काळ. अनेकांना हे रुचले नाही. पिरोगोव्ह यांचे म्हणणे साधे होते. चूक उघड केली तरच दुसरा डॉक्टर तीच चूक करण्यापासून वाचेल. कोणाच्या जिवाचा निर्णय जो घेतो त्याने त्या निर्णयाचा हिशेबही दिला पाहिजे, ही शिस्त त्यांनी स्वतःला येथे लावून घेतली.

१८४१ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गच्या सैनिकी वैद्यकीय अकादमीत गेले. शरीरातले अवयव नेमके कोठे असतात हे समजावे म्हणून त्यांनी रशियाच्या थंडीचाच उपयोग केला. गोठून दगडासारखी झालेली शवे करवतीने कापून, त्या कापांवरून हुबेहूब चित्रे तयार करून त्यांनी मोठा चित्रसंग्रह सिद्ध केला. त्यामुळे सुरी कोठे चालवायची हे शल्यविशारदाला अगोदरच कळू लागले. याच काळात, १८४६ मध्ये, दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर त्यांच्या पत्नीचे निधन झाले. दोन लहान मुले पदरात ठेवून ती गेली. जो इतरांना वाचवीत होता त्याला घरातले माणूस वाचवता आले नाही.

१८४६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील बॉस्टन येथे ईथर हुंगवून बेशुद्ध केलेल्या रुग्णावर शस्त्रक्रिया झाल्याची वार्ता युरोपभर पसरली. पिरोगोव्ह यांनी ईथरचा प्रयोग आधी स्वतःवर करून पाहिला आणि १८४७ च्या आरंभी तो रुग्णांवर वापरू लागले. त्याच वर्षी ते कॉकेशसच्या डोंगराळ रणभूमीवर गेले. तेथे साल्टी गावाच्या वेढ्यात झाडाच्या फांद्यांच्या झोपडीत, दगड रचून त्यावर पेंढा पसरलेल्या ओट्यावर जखमी सैनिक निजवले जात. पिरोगोव्ह गुडघे टेकून शस्त्रक्रिया करीत. रणांगणावर ईथरचा असा मोठ्या प्रमाणावर वापर हा जगातील पहिल्या प्रयोगांपैकी एक होता. इतर जखमींच्या मनातील भीती जावी म्हणून ते त्यांच्यासमोरच शस्त्रक्रिया करीत. ओरडा नाही, तडफड नाही, हे पाहून सैनिक आपण होऊन पुढे येऊ लागले.

आता आपण मुख्य कथेकडे येऊ. १८५३ मध्ये रशिया व तुर्कस्तान यांच्यात युद्ध पेटले. १८५४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कस्तानच्या बाजूने उतरले. काळ्या समुद्राच्या काठी क्रिमियात सेवास्तोपोल हे रशियाचे आरमारी बंदर. त्याला शत्रूने वेढा घातला आणि तो सुमारे अकरा महिने चालला. पुढे थोर साहित्यिक झालेले लिओ टॉलस्टॉय तेव्हा तरुण तोफखाना अधिकारी म्हणून याच शहरात होते.

पिरोगोव्ह यांनी रणभूमीवर जाण्यासाठी अर्ज केला, पण सरकारी कागद हलेना. शेवटी झारची भावजय ग्रँड डचेस येलेना पावलोव्हना यांनी मध्यस्थी केली. याच बाईंनी १८५४ मध्ये जखमींच्या सेवेसाठी एक भगिनीसंघ स्थापन केला होता. त्यात उमरावांच्या मुली होत्या, साध्या घरांतल्या विधवाही होत्या. स्त्रियांनी तोफांच्या माऱ्यात काम करायचे ही कल्पना अनेक सेनाधिकाऱ्यांना हास्यास्पद वाटे. पिरोगोव्ह यांना ती हवीच होती. या भगिनींचे प्रमुख म्हणून ते १८५४ च्या नोव्हेंबरात सेवास्तोपोलला पोहोचले. त्याच महिन्यात नाइटिंगेलही ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातील स्कुतारी येथे दाखल झाल्या होत्या.

सेवास्तोपोलमध्ये त्यांना काय दिसले? उमरावांच्या नाचगाण्यासाठी बांधलेल्या सुंदर सभागृहात मलमपट्टीचे मुख्य केंद्र होते. तोफांचा मारा सुरू झाला, की तेथे एकाच वेळी शेकडो जखमी आणले जात. जागा मिळेल तेथे त्यांना ठेवले जाई. जो मोठ्याने ओरडेल त्याच्याकडे डॉक्टर धावत. एकाची पट्टी अर्धवट सोडून दुसऱ्याकडे, तेथून तिसऱ्याकडे. ज्याच्या रक्ताची धार वेळीच बांधली असती तर तो वाचला असता, तो कोपऱ्यात निपचित पडून संपून जाई. कारण त्याच्या अंगात ओरडण्याचेही त्राण उरलेले नसे. डॉक्टर थोडे होते हे खरेच. पण पिरोगोव्ह यांच्या लक्षात आले, की माणसे मरत आहेत ती केवळ डॉक्टरांच्या कमतरतेने नव्हे, तर गोंधळाने.

म्हणून त्यांनी एक कडक नियम घातला. जखमी आले, की सुरीला हात लावायचा नाही, आधी निवड करायची. त्यांनी चार गट पाडले. पहिला गट ज्यांच्या जखमा जीवघेण्या आहेत आणि वाचण्याची आशा नाही अशांचा. दुसरा ज्यांच्यावर आत्ताच्या आत्ता शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल अशांचा. तिसरा ज्यांची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसापर्यंत किंवा त्याहून पुढे ढकलता येईल अशांचा. चौथा किरकोळ जखमींचा, ज्यांना पट्टी बांधून परत धाडता येईल. दुसऱ्या गटाला आधी टेबलावर घ्यायचे.

क्रम ठरवायचा तो जखमेवरून. अशा निवडीची सुरुवात त्यांच्या आधी फ्रान्समध्ये झाली होती. नेपोलियनचे शल्यविशारद बॅरन लारे हे जखमी अधिकारी आहे की साधा शिपाई हे न पाहता जखम किती गंभीर आहे ते पाहत. पिरोगोव्ह यांनी ही कल्पना पूर्ण व्यवस्थेच्या रूपाने उभी केली आणि त्या व्यवस्थेच्या मध्यभागी परिचारिका आणल्या.

भगिनींच्या कामाची त्यांनी वाटणी केली. काहींकडे मलमपट्टी आणि शस्त्रक्रियेतील मदत. काहींकडे औषधे वेळेवर व मोजून देणे. काहींकडे अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि कोठाराची देखरेख. या तिसऱ्या कामाला कोणी कमी समजू नये. सैनिकांच्या वाटणीचे अन्नधान्य आणि सामान वाटेतच गडप होत असे. आता कोठाराच्या किल्ल्यांवर आणि हिशेबावर भगिनींची नजर आली, तेव्हा हे प्रकार आवरले आणि रुग्णाच्या तोंडी त्याचा घास पडू लागला. युद्धात चांगली व्यवस्था ही औषधाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक जीव वाचवते, असे पिरोगोव्ह यांचे ठाम मत झाले.

आणि पहिल्या गटाचे काय? ज्यांची आशा नाही त्यांना टाकून द्यायचे काय? येथेच पिरोगोव्ह यांची माणुसकी दिसते. या जखमींना भगिनींच्या आणि धर्मगुरूंच्या स्वाधीन केले जाई. त्यांना पाणी देणे, वेदना कमी करणे, घरच्यांसाठी निरोप ऐकून घेणे, हात हातात घेऊन बसणे हे काम भगिनी करीत. डॉक्टरचा वेळ त्यांना देता येत नव्हता. पण माणसाची सोबत देता येत होती, आणि ती दिली गेली.

मोडलेल्या हाडांसाठी त्यांनी प्लास्टरच्या पट्ट्यांचा वापर सुरू केला. एका शिल्पकाराच्या कामाच्या जागी ओल्या प्लास्टरचे कापड भराभर घट्ट होताना पाहून ही कल्पना त्यांना सुचली होती. त्यामुळे अनेकांचे हातपाय कापावे लागले नाहीत. जखमा कुजू लागलेल्या रुग्णांची त्यांनी वेगळी सोय केली. जंतूंचे ज्ञान त्या काळी झालेले नव्हते, तरी एकाची बाधा दुसऱ्याला होते हे त्यांनी निरीक्षणाने ताडले होते.

या भगिनींपैकी येकातेरीना बाकूनिना यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. वय चाळिशीच्या पुढे, घर सुखवस्तू. तरी त्या तोफगोळ्यांच्या माऱ्यात पिरोगोव्ह यांच्या टेबलाशेजारी रात्र-रात्र उभ्या राहत. १८५५ च्या सप्टेंबरात शहर सोडावे लागले तेव्हा खाडीवरच्या तरंगत्या पुलावरून पलीकडे जाणाऱ्या शेवटच्या परिचारिकांमध्ये त्या होत्या. पुढे जखमींच्या गाड्यांबरोबर थंडीवाऱ्यात प्रवास करून, वाटेत त्यांना जेवण आणि पांघरूण मिळते की नाही हे पाहण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. आज रुग्णवाहिकेत परिचारक असतो. त्या कामाचा हा एक आरंभ होता. अनेक भगिनींना टायफसच्या तापाने गाठले. काहींचा तेथेच अंत झाला.

युद्ध संपल्यावर पिरोगोव्ह यांनी अकादमी सोडली आणि ते शिक्षणखात्यात आले. १८५६ ते १८५८ ओदेसा आणि नंतर १८६१ पर्यंत कीव येथे ते शिक्षण विभागाचे प्रमुख होते. शाळेने आधी माणूस घडवावा, धंद्याचे शिक्षण नंतर द्यावे, असे ते मांडीत. कामकरी लोकांसाठी रविवारच्या शाळा कीवमध्ये त्यांच्याच पाठिंब्याने सुरू झाल्या. मुलांना फटके मारण्याच्या शिक्षेला त्यांचा विरोध होता. कीवमध्ये मात्र ती पूर्ण बंद न करता त्यांनी नियमांच्या कुंपणात घातली. त्यावरून त्यांच्यावर कडक टीका झाली, आणि ती सर्वस्वी अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. वरिष्ठांना त्यांचे विचार फार पुढचे वाटले आणि १८६१ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

मग काही वर्षे जर्मनीत रशियन विद्यार्थ्यांचे पालक म्हणून राहून ते आज युक्रेनमध्ये असलेल्या विनित्सा शहराजवळच्या विश्न्या या आपल्या गावी परतले. तेथे ते गोरगरीब शेतकऱ्यांवर मोफत उपचार करीत. १८७७ मध्ये पुन्हा रशिया-तुर्कस्तान युद्ध सुरू झाले तेव्हा सदुसष्टीला टेकलेले पिरोगोव्ह रुग्णालये तपासत रणभूमीवर फिरले. १८८१ च्या मे महिन्यात मॉस्कोने त्यांचा मोठा सत्कार केला. तेव्हाच त्यांच्या तोंडात कर्करोगाची जखम झालेली होती. ५ डिसेंबर १८८१ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या एका शिष्याने विशेष प्रक्रिया केलेले त्यांचे पार्थिव विनित्सा येथे जतन करून ठेवण्यात आले.

आता पालकांसाठी दोन शब्द. कॅज्युअल्टीत आपण आपले माणूस घेऊन जातो आणि आपल्या मागून आलेल्याला आधी आत नेले जाते. अशा वेळी संताप होतो, आवाज चढतो, कधी परिचारिकेच्या अंगावर धावून जाण्यापर्यंत मजल जाते. पण तेथे रेशनच्या दुकानासारखी रांग नसते. परिचारिका श्वास, नाडी, रक्तदाब आणि शुद्ध पाहून क्रम ठरवत असते. लाल म्हणजे तत्काळ, पिवळा म्हणजे लवकर पण थोडे थांबता येईल असा, हिरवा म्हणजे किरकोळ, अशा रंगांच्या खुणा अनेक रुग्णालयांत वापरतात. काळी खूण मोठ्या दुर्घटनेत, जेव्हा जखमी फार आणि हात थोडे असतात, तेव्हा मृत किंवा वाचण्यापलीकडे गेलेल्यांसाठी असते. आणि एक गोष्ट पिरोगोव्ह यांच्या काळापासून बदललेली नाही. ओरडणारा रुग्ण निदान श्वास घेत असतो. गप्प पडलेल्याकडे आधी बघावे लागते.

आपणही परिचारिकेला मदत करू शकतो. त्रास किती वाजता सुरू झाला, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, हे थोडक्यात आणि खरे सांगावे. औषधांची यादी घरात एका ठिकाणी लिहून ठेवावी. थांबायला सांगितले आणि थांबताना रुग्णाला धाप लागली, घाम फुटला, गुंगी आली, तर गप्प न बसता लगेच परिचारिकेला सांगावे. एकदा ठरलेला क्रम कायमचा नसतो. प्रकृती बदलली की तो बदलतो, आणि पुन्हा-पुन्हा तपासणे हा ट्रायेजचाच भाग आहे.

विद्यार्थ्यांनी प्रथमोपचार शिकून घ्यावा. मैदानावर दोन मुले एकदम पडली, एक रडत आहे आणि एक हलत नाही, तर आधी कोणाकडे धावायचे हे तुम्हाला आता सांगावे लागणार नाही. विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे, की वर्षातून एकदा तरी अनुभवी परिचारिकेला बोलावून शाळेत प्रथमोपचाराचे शिबिर घ्यावे. आणि आपल्यातल्या ज्या मुलीमुलांच्या मनात परिचर्येचे शिक्षण घेण्याचा विचार असेल, त्यांना घरच्यांनी मागे खेचू नये. कठीण प्रसंगी कोणाला आधी हात द्यायचा हे शांत डोक्याने ठरवणे, आणि ज्याला वाचवता येत नाही त्याच्याही जवळ बसणे, याहून मोठी विद्या क्वचितच असेल.